पट्टी लावलेलं लाल पाकीट

लांगेनझीलला शहर म्हणायचं ते लांगेनझीलच्या लोकांनीच. एम्स नदीचा काठ, एक नगरभवन, एक घाट, पलीकडच्या तीरावर जाणारी एक बोट आणि वर्षातले निम्मे दिवस धुकं. एवढ्यावर महापौर कशाला लागतो, हे कुणी विचारत नाही. महापौर लागतोच. शहर म्हटल्यावर निदान फीत कापायला तरी माणूस हवा.

त्या सप्टेंबरात पहिल्या फेरीला पाच जण उभे होते. निम्म्याहून जास्त मतं एकालाही पडली नाहीत, म्हणून पहिल्या दोघांची दोन आठवड्यांनी पुन्हा निवडणूक. पहिल्या फेरीत माणूस मनातल्या उमेदवाराला मत देतो. दुसऱ्या फेरीत मनातला केव्हाच घरी गेलेला असतो. उरतात ते दोन, आणि मग दगडापेक्षा वीट मऊ म्हणत त्यातली वीट कोणती ते ठरवायचं. दगड होता डॉक्टर लोरेन्झ फीबिग. त्याला घाटावर काचेच्या खिडक्यांची घरं बांधायची होती आणि बोट बंद करायची होती. वीट होती ताल्के आइल्ट्स, बालवाडीची मुख्य. बोट चालू राहील असं तिच्या प्रत्येक फलकावर लिहिलेलं होतं आणि गेल्या दहा वर्षांत ती त्या बोटीत एकदाही बसली नव्हती.

ती बोट एकतीस वर्षं चालवली हिंडर्क साथॉफनं. मतदानाचा रविवार उजाडला तेव्हा हिंडर्कला जाऊन दोन दिवस झाले होते.

त्याची बायको गेशे त्या रविवारी दुपारी घरातून निघाली ती शाळेत गेली. टपालानं आलेली मतं तपासायची आणि मोजायची मंडळं असतात, त्यातल्या सातव्या मंडळाची ती प्रमुख होती, चोवीस वर्षं. नगरभवनातून फोन आला होता, की साथॉफबाई, तुम्ही राहू द्या, आम्ही कुणाला तरी पाठवतो. ती म्हणाली, घरी बसून मी काय त्या रिकाम्या पलंगाशी गप्पा मारू? आणि तुम्ही ज्या 'कुणाला तरी' पाठवाल, त्याला लाल आणि निळं पाकीट तरी ओळखता येतं का?

तिचं जाण्याचं खरं कारण तिनं सांगितलं नाही. हिंडर्कचं मत त्या दिवशी टपालाच्या पेटीत होतं. मत टपालानं पाठवल्यावर माणूस गेला तरी त्याचं मत राहतं, असा कायदा आहे. चोवीस वर्षं हा नियम ती नव्या सदस्यांना आगीच्या वेळी कुठल्या दारानं बाहेर पडायचं हे सांगावं तसं सांगत आली होती. आता शुक्रवारपासून तोच नियम तिच्या उशाशी येऊन बसला होता. हिंडर्क अजून पुरता गेला नव्हता. त्याची मतपत्रिकेवरची एक फुली बाकी होती. ती मोजली जाईपर्यंत गेशे त्याला निरोप देणार नव्हती.

शाळेचा चित्रकलेचा वर्ग. छताला दोऱ्यांवर कागदाचे मासे टांगलेले, मुलांनी रंगवलेले. खालचा हीटर तापला की वरचे मासे हळूहळू वळायचे, सगळे एकाच दिशेला, जणू खोलीत कुठूनतरी प्रवाह आला. खिडक्यांबाहेर धुकं इतकं दाट, की मैदानातलं झाड असल्यासारखंही वाटत होतं आणि नसल्यासारखंही. अशा वेळी आपण जमिनीवर आहोत की पाण्याखाली, हे नक्की सांगता येत नाही.

मंडळातले सगळे जण हजर नव्हते, पण पाच होते आणि पाच पुरतात. बेकरीवाली टोमा बटर केक घेऊन आली होती. हा केक आमच्याकडे लग्नातही खातात आणि कुणी गेल्यावरही. टोमानं तो टेबलावर ठेवला आणि आज कशासाठी ते सांगितलं नाही. मासे धुरावर सुकवून विकणारा हाब्बो, हिंडर्कचा शाळेपासूनचा दोस्त. करखात्यातून निवृत्त झालेले वुबेनासाहेब, जे स्वतःच्या वाढदिवसाचा केकही पट्टीनं मापून कापतात. आणि नव्यानंच आलेली एक शांत दंतवैद्य बाई, लीना.

काम सोपं होतं. प्रत्येक लाल पाकिटात दोन गोष्टी हव्यात: मतदाराच्या सहीची चिठ्ठी आणि बंद केलेलं निळं पाकीट. निळ्यात मतपत्रिका. सही बाहेर, मत आत. चिठ्ठी तपासून बाजूला ठेवायची, निळं पाकीट न उघडता पेटीत टाकायचं. मग कुणाचं मत कुठलं ते देवालाही कळत नाही. टोमा लाल पाकिटं चिरायची, वुबेनासाहेब सह्या बघायचे, लीना खुणा करायची, हाब्बो निळी पाकिटं पेटीत सोडायचा. शंभर झाली, दोनशे झाली. माणसं पाकिटात काय काय घालतात! एकीनं मुलीचा फोटो घातला होता. एकानं सहीच्या जागी लिहिलं होतं, 'तुम्हाला माहीत आहे मी कोण.'

गेशे नुसती बघत होती. आलेलं प्रत्येक लाल पाकीट तिला आधी हिंडर्कचं वाटायचं, मग नसायचं.

तिला मंगळवार आठवत होता. हिंडर्कचा पलंग बाहेरच्या खोलीत होता, नदीकडच्या खिडकीशी. अकरा रात्री ती नीट झोपली नव्हती. त्याच्या छातीतून करवतीसारखा आवाज यायचा आणि तो थांबला की ती दचकून उठायची. त्या दुपारी तो म्हणाला, आज मत टाकू. ती सूचनांचा कागद घेऊन खुर्चीत बसली. पहिली पायरी: मतपत्रिकेवर फुली करा. तिनं तोंड खिडकीकडे वळवलं आणि त्यानं फुली केली. कुणाला, हे तिनं विचारलं नाही. लग्नाला अडतीस वर्षं झाली, कधीच विचारलं नव्हतं. बोटवाला बोटीलाच मत देणार असं गाव म्हणत होतं, पण आदल्या दिवशीच तो खिडकीतून बघत म्हणाला होता, बोटीलाही कधीतरी झोप हवी. तो कशाबद्दल बोलत होता कोण जाणे.

"दुसरी पायरी," ती म्हणाली होती, "मतपत्रिका निळ्या पाकिटात. हिंडर्क, दे, मी घालते."

"मला शिकवू नकोस. एकतीस वर्षं लोकांना पलीकडे नेलंय. एक कागद पाकिटात घालता येईल मला."

तेवढ्यात धुक्यातून तीनच्या बोटीचा भोंगा वाजला, लांब, ओला. आणि गेशेला झोप लागली. बसल्या बसल्या, कागद मांडीवर, तिसरी पायरी वाचायच्या आत.

स्वप्नात बोट होती आणि नदी नव्हती. बोट धुक्यावरच तरंगत होती. अख्खं गाव घाटावर रांगेत उभं होतं, प्रत्येकाच्या हातात लाल पाकीट, आणि हिंडर्क तिकिटं न तपासता एकेकाला हाताला धरून आत घेत होता. तिची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, तू बस जरा, तुझी वेळ नाही अजून.

जाग आली तर दुलईवर लाल पाकीट बंद होऊन पडलेलं. त्याच्या तोंडाला थुंकी उरली नव्हती, डिंक ओला कसा करणार? म्हणून उशाशी पडलेली जखमेची तपकिरी पट्टी त्यानं पाकिटावर आडवी चिकटवली होती, वाकडी. तिनं विचारलं, सगळं नीट घातलंस ना? चिठ्ठी, सही?

"माझं झालं. तू जाऊन टाकून ये. आणि वाटेत उघडून बघू नकोस, प्रमुखबाई."

मग त्यानं चहाच्या रिकाम्या कपात चमचा उभा ठेवला. आमच्याकडे कपात चमचा ठेवला की अर्थ एकच: आता नको, पोट भरलं. ती चालत नगरभवनापर्यंत गेली आणि पाकीट पेटीत टाकून आली. शुक्रवारी पहाटे करवत थांबली.

"गेशे," टोमा म्हणाली.

टोमाचा हात थांबला होता. तिच्या समोर लाल पाकीट होतं, त्यावर वाकडी तपकिरी पट्टी. तिनं ती कापली नव्हती, नखानं हळूच सोडवली होती. आतून एकच गोष्ट निघाली: निळं पाकीट. जाडजूड. बोटानं दाबलं की आतली दुसरी, ताठ कागदाची घडी लागत होती. सहीची चिठ्ठी बाहेर राहायची ती निळ्याच्या आत गेली होती. दर निवडणुकीला डझनभर लोक नेमकी हीच चूक करतात. त्यांची मतं जातात. निळं पाकीट न उघडता बाजूला, खोक्यात, सील. गेशेनं अशी शेकडो बाद केली होती आणि दर वेळी मनात म्हटलं होतं, वाचता येत नाही का लोकांना!

वरचे मासे वळले.

ज्यांच्याकडून अपेक्षा नव्हती ते वुबेनासाहेब आधी बोलले. चष्मा काढून त्यांनी टेबलावर ठेवला. म्हणाले, चिठ्ठी आत आहे हे आपल्याला हाताला लागतंय. निळं उघडायचं, चिठ्ठी काढायची, पाकीट पुन्हा बंद करून पेटीत टाकायचं. या खोलीबाहेर जायला नको.

"साहेब, तुम्ही?" टोमा म्हणाली.

"मीच. ज्या हिवाळ्यात नदी गोठली होती, त्या हिवाळ्यात माझ्या बायकोला कळा सुरू झाल्या आणि पूल बंद होता. हिंडर्कनं बर्फ फोडत बोट नेली. नियमात बसत नव्हतं ते. माझी मुलगी आज एकोणतीस वर्षांची आहे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका पकडल्यात मी. आज एक सोडायची आहे."

टोमा म्हणाली, माझंही तेच. घ्या.

हाब्बो मात्र पेटीवर हात ठेवून बसला होता. त्याचे डोळे लाल झाले होते, पण मान नाही म्हणत होती. "माझ्या सख्ख्या मामाला हिंडर्कनं घाटावर सोडलं होतं. मामा धावतोय, हात हलवतोय, टोपी उडाली, अन् बोट दहा हात लांब. मी ओरडतोय, अरे थांब, तर म्हणतो भोंगा म्हणजे भोंगा. त्या माणसासाठी आता मी दोर परत फेकू? वर गेल्यावर कान उपटेल माझे."

"वर जाणार आहेस हे कुणी सांगितलं तुला?" टोमा म्हणाली. कुणाला हसू आलं नाही, तरी सगळ्यांचा श्वास जरा सुटला.

लीनानं हिंडर्कला कधी पाहिलंही नव्हतं. ती हलक्या आवाजात एवढंच म्हणाली, की मागच्या अर्ध्या तासात आपण अशीच तीन पाकिटं बाजूला ठेवली, त्यांनाही बायका असतील.

दोन विरुद्ध दोन. राहिली गेशे.

तिनं निळं पाकीट हातात घेतलं. डिंकावर औषधाच्या मलमाचा वास होता, आणि त्या वासाबरोबर अख्खी खोली आली: दुलई, खिडकी, नदी. आत त्याची फुली होती. ती पेटीत गेली की मोजली जाणार, आणि मोजली गेली की गावातल्या निदान एका आकड्यात तो असणार. खोक्यात गेली की दुसऱ्यांदा मेला. आणि मारणारी कोण? चोवीस वर्षं अख्ख्या गावाला पाकिटं शिकवणारी बाई, जी स्वतःच्या नवऱ्याला तिसरी पायरी वाचून दाखवायच्या वेळी घोरत पडली होती. ज्यानं ही दोन पाकिटांची गंमत शोधली, त्या कचेरीतल्या माणसाला कधी थरथरत्या हातानं, कोरड्या तोंडानं ती बंद करावी लागली असतील काय? नियम करणारे सगळे निरोगी असतात. पण राग त्याच्यावर काढून भागणार नव्हतं. सही तिला करायची होती.

तिनं अंगठा पाकिटाच्या कडेवरून फिरवला. चिठ्ठी आणि मतपत्रिका एकाच घडीत गेल्या होत्या, एकीत एक अडकलेल्या. चिठ्ठी ओढायची तर मतपत्रिका उलगडणार. कुणीतरी बघणार. त्यानं कुणाला फुली केली ते या टेबलावर पाच माणसांसमोर उघडं पडणार, शेजारी केक.

"उघडून बघू नकोस म्हणाला होता," गेशे म्हणाली. "मला शेवटचं सांगितलेलं तेवढंच ऐकायचं राहिलंय."

तिनं नोंदवहीत वेळ लिहिली, कारण लिहिलं, सही केली. निळं पाकीट लाल पाकिटात परत घालून ते खोक्यात उलटं ठेवलं, पट्टी खाली. मग म्हणाली, टोमा, पुढचं.

सहा वाजता मोजणी सुरू झाली. आठाच्या आत नगरभवनाच्या सभागृहात सगळ्या शहराचा आकडा भिंतीवर आला आणि लोकांना वाटलं यंत्र अडकलं. डॉक्टर फीबिग चार हजार एकशे सहा. ताल्के आइल्ट्स चार हजार एकशे सहा. पुन्हा मोजलं. तेवढेच. फीबिग मंचावरून उतरता उतरता थबकला, एक पाय वर, एक खाली. ताल्केनं हातातला फुलांचा गुच्छ कुणाला द्यावा ते न कळून खुर्चीवर ठेवला, आणि मग त्याच खुर्चीवर बसली.

गेशे दाराशी उभी होती. तिला हिशेब लगेच कळला, आणि एवढ्या गर्दीत तो तिला एकटीलाच कळला होता. एक मत. इकडचं किंवा तिकडचं, पण एक. अख्खं शहर ज्यानं ठरलं असतं ते नगरभवनाच्या तळघरातल्या एका पुठ्ठ्याच्या खोक्यात उलटं पडलं होतं.

हे गुपित सोमवार सकाळपर्यंत टिकलं. टोमा पाव विकते; पावाबरोबर बातमी जाते, तिचा इलाज नाही. दुपारपर्यंत गावाचे दोन भाग झाले. ताल्केची माणसं म्हणू लागली, या बाईनं बोट बुडवली. फीबिगची माणसं वाटेत टोपी काढून गेशेला नमस्कार करू लागली, आणि तो शिवीपेक्षा जास्त झोंबायचा. हिंडर्कनं कुणाला मत दिलं हे दोन्हीकडच्या लोकांना पक्कं ठाऊक होतं. जिवंत असताना त्याला कुणी काही विचारलं नव्हतं.

बरोबरी झाली तर चिठ्ठी काढायची, असा कायदा आहे. बुधवारी दुपारी नगरभवनात गर्दी लोटली. अर्धं शहर मतदानाला गेलं नव्हतं, ते सगळं चिठ्ठी बघायला आलं होतं. मुलांच्या चॉकलेटच्या अंड्यातून खेळणी निघतात, तसल्या दोन पिवळ्या डब्यांत दोन नावं घातली आणि डब्या टोमाच्या पीठ मळायच्या वाडग्यात टाकल्या. दहा आठवड्यांचे फलक, भाषणं, हस्तांदोलनं आणि शेवटी हे. निवडणूक अधिकाऱ्यानं डोळे मिटले. इतकी शांतता झाली, की नदीवरच्या बोटीचं इंजिन आत ऐकू येत होतं. हात वाडग्यात गेला, फिरला, वर आला.

फीबिग.

टाळ्या वाजल्या, निम्म्या. पायऱ्यांवर एका म्हाताऱ्यानं गेशेला गाठलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मेल्यावरही नवऱ्याला बोलू दिलं नाहीस."

"जिवंतपणी तरी तो कुठं बोलायचा?" गेशे म्हणाली आणि चालत राहिली.

ताल्के आइल्ट्स तिच्या मागून आली. तिनं गेशेचा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाली, तुम्ही नियम पाळलात. रडणाऱ्या पोराला उगी करतात तसा आवाज. गेशेनं तिला विचारलं, बोटीत कधी बसणार? ताल्के गोंधळली. म्हणाली, का? गेशे म्हणाली, वसंतापर्यंत चालू आहे म्हणून.

घरी आली तेव्हा धुकं खिडकीपर्यंत चढलं होतं. अंत्यसंस्कार शनिवारी होता, त्याआधी पलंग परत न्यायला रुग्णसेवेची माणसं सकाळी येणार होती. तिनं चहा टाकला, कपात खडीसाखर टाकून ठेवली, आणि चहा मुरेपर्यंत पलंगावरच्या चादरी काढायला घेतल्या. गादी आणि लाकडाच्या फटीत कागद होता. सूचनांचा. मंगळवारी तिच्या मांडीवरून घसरला असावा. त्यानं उचलून घेतला होता.

पहिल्या पायरीपुढे पेन्सिलीची खूण होती. दुसरीपुढे होती. तिसरी पायरी, चिठ्ठीवर सही करून ती बाहेर ठेवा, तिथं खूण नव्हती. तिथून एक रेघ समासात गेली होती आणि समासात त्यानं लिहिलं होतं, एकतीस वर्षं बोटीच्या वहीत रोज लिहायचा तसं, वाकड्या मोठ्या अक्षरात:

'मंगळ. ३.१०. दाट धुकं. वारा नाही. पुढचं नीट कळत नाही. गेशे झोपली आहे. उठवलं नाही.'

कागद घेऊन ती खिडकीशी गेली, त्याच खुर्चीत बसली. चहा ओतला, वरून साय सोडली, एक कप प्याली. दुसरा ओतला, तो निम्मा राहिला. कपात चमचा ठेवायचं तिच्या लक्षात राहिलं नाही. कागद मांडीवर होता. बाहेर नदी दिसत नव्हती, घाट दिसत नव्हता, खिडकीभर नुसतं पांढरं.

साडेचारची बोट सुटली. धुकं होतं म्हणून तिनं भोंगा दिला, लांब, ओला, आणि मग पुन्हा एकदा. गेशेला तो ऐकू आला नाही. ती झोपली होती.